शंका-समाधान : भुसा बंद, विटा तेवढ्याच

या वेळी हाती आलेली बहुतेक पत्रं साक्री, शहादा, चोपडा, रावेर, नवापूर या भागांतली आहेत. कुणाचं कर्ज, कुणाची मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, कुणाच्या घरातली दारू. पण सगळ्यांचं विचारणं एकाच ठिकाणी येतं: देवानं सुटकेचं अभिवचन दिलं आहे तर सुटका दिसत का नाही, आणि मन खचलेलं असताना ते अभिवचन धरायचं तरी कसं? म्हणून या अंकात हीच पत्रं एकत्र घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : प्रभूच्या नावाने सलाम. दोन वर्षं बोंडअळीनं कपाशी खाल्ली. सोसायटीचं कर्ज थकलं, त्यावर गावातल्या सावकाराचं. आम्ही उपवास-प्रार्थना धरली, 'मी तुम्हांला सोडवीन' हे वचन घेऊन बसलो. त्यानंतर महिन्याभरात बैल मेला आणि मालकांचं जिनिंगमधलं कामही सुटलं. सभेत सगळे 'विश्वास ठेव' म्हणतात, पण आता ते शब्द कानात शिरतच नाहीत. वचन धरल्यावर हाल वाढतात ते का?
— एक भगिनी, साक्री तालुका

उत्तर : ताई, तुम्ही धरलेलं वचन बायबलमधल्या निर्गम 6:6 चं आहे. त्याच्या आधीचा पाचवा अध्याय वाचल्याशिवाय ते कळत नाही, आणि सभांमध्ये बहुधा तोच गाळला जातो.

इस्राएल लोक मिसरात (इजिप्तमध्ये) फारो राजाचे दास होते, आणि त्यांना सोडवायला देवानं मोशे व त्याचा भाऊ अहरोन यांना धाडलं. ते दोघे फारोपुढे उभे राहिले तेव्हा मोशे 80 वर्षांचा आणि अहरोन 83 वर्षांचा होता (निर्गम 7:7). त्यांनी मागितलं एवढंच, की लोकांना तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊन परमेश्वराची उपासना करू द्या. फारोनं त्याच दिवशी हुकूम सोडला: आजपासून विटांसाठी भुसा द्यायचा नाही, तो त्यांनीच गोळा करावा, आणि विटांची गिनती मात्र एकानेही कमी होता कामा नये.

ज्यानं धाब्याचं घर लिंपलं आहे त्याला या हुकमातली मेख लगेच कळेल. मातीत भुसा कालवून, पाणी घालून, पायांनी तुडवून काही दिवस मुरू द्यावा लागतो. मग चिखल चिवट होतो आणि वाळताना भुशाच्या काड्या मातीला धरून ठेवतात. भुसा नसेल तर वीट उन्हात आकसते, कडेपासून तडकते, उचलायला गेलं की हातात दोन तुकडे. म्हणून भुशावाचून चालणार नव्हतं. आयता भुसा बंद झाल्यावर लोक मिसर देशभर पांगले आणि धसकटं वेचू लागले (5:12). धसकट उपटायचं, मुळाची माती झटकायची, बारीक करायचं, मग कुठे चिखलाला हात. दिवसाचा अर्धा वेळ तिथेच जाणार. संध्याकाळी गिनती कमी भरली की फारोचे मुकादम कामावरच्या इस्राएली नायकांना मारत. नायक मोशेवर उलटले: तुम्ही आम्हाला फारोच्या नाकाला घाण वाटायला लावलंत, त्याच्या हाती तलवार दिलीत.

म्हणजे अभिवचन आल्यानंतर हाल वाढले, हे शास्त्र लपवत नाही. कारणही तिथेच दिलं आहे. फारो म्हणतो, हे लोक आळशी झालेत, यांच्यावर काम लादा म्हणजे असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायला यांना सवड राहणार नाही (5:9). ज्याच्या हातून गुलाम निसटणार असतो तो शेवटी जास्त आवळतो.

पण एक जपा. तुमचा बैल प्रार्थनेमुळे मेला नाही, आणि जिनिंगचं काम उपवासामुळे सुटलं नाही. फारोनं जे केलं ते जाणूनबुजून केलं होतं. आपल्या घरातल्या प्रत्येक नुकसानीमागे तसाच हात शोधत बसलात तर प्रार्थनेचीच भीती बसेल. बैल मरतात, जिनिंगचा हंगाम संपतो. ते दुःख दुःख म्हणूनच देवापुढे मांडा.

आता 'कानात शिरत नाही' याविषयी. निर्गम 6:6 ते 8 या तीन वचनांत देव सात वेळा 'मी' म्हणून बोलतो: मी तुम्हांला बाहेर काढीन, दास्यातून सोडवीन, हात पुढे करून खंडून घेईन, आपली प्रजा करीन, तुमचा देव होईन, त्या देशात नेईन, तो तुम्हांला वतन म्हणून देईन. सुरुवातीला 'मी परमेश्वर आहे' आणि शेवटीही 'मी परमेश्वर आहे'. यातल्या पहिल्या चार बोलांची आठवण म्हणून यहुदी कुटुंबं वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री द्राक्षारसाचे चार पेले पितात. एवढं मोठं बोलणं मोशेनं जाऊन सांगितलं, आणि नवव्या वचनात काय लिहिलं आहे? लोकांनी ऐकलं नाही. का, तर मन खचलेलं होतं आणि दास्य कठोर होतं.

मूळ इब्री शब्द 'कोत्सेर रुआख' असे आहेत. रुआख म्हणजे वारा, श्वास, आत्मा. कोत्सेर म्हणजे आखूडपणा. श्वास आखूड पडलेली माणसं होती ती. डोक्यावर ओझं घेऊन चढ चढणाऱ्याला कुणी गोष्ट सांगायला लागलं तर त्याला ती ऐकू येत नाही. तसंच हे. ताई, तुमची हीच अवस्था शास्त्रात नावानिशी लिहून ठेवलेली आहे.

त्यावर देवानं काय केलं ते पाहा. दहाव्या आणि अकराव्या वचनांत तो लोकांवर रागावत नाही, 'आधी विश्वास धरा मग सोडवीन' असं म्हणत नाही. तो मोशेला म्हणतो, जा, फारोशी बोल. काम पुढे चालू. त्या सात बोलांत एकही 'जर' नाही. ज्यांना ऐकूही येत नव्हतं तेच लोक बाराव्या अध्यायात मिसरातून बाहेर पडले. मोशेसुद्धा त्याआधी देवाला रोखठोक बोलला होता: तू आपल्या लोकांना मुळीच सोडवलं नाहीस (5:23). त्या बोलण्याबद्दल त्याला शिक्षा झाली नाही, उत्तर मिळालं.

म्हणून सध्या विश्वासाचं वजन करत बसू नका. एवढं करा. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी निर्गम 2:23-25 मोठ्यानं वाचा. तीनच वचनं आहेत. त्यांत देवाची चार कामं आहेत: त्यानं कण्हणं ऐकलं, करार आठवला, लोकांकडे पाहिलं, त्यांची स्थिती जाणली. लोक तिथे नीट प्रार्थनाही करत नव्हते, नुसते कण्हत होते. मग तुमच्या शब्दांत दोन ओळी बोला आणि उठा. पाच मिनिटं पुरेत. अर्धा तास बसायचं ठरवलंत तर चार दिवसांनी सुटेल, आणि सुटल्याचा दोष नवीन ओझं होऊन बसेल. लांबलचक उपवास सध्या करू नका. पोटात अन्न नसलं, झोप नसली की भीती दुप्पट दिसते.

आणि या वचनातून जे घ्यायचं नाही तेही सांगायला हवं. 'येत्या हंगामात कर्ज फिटेल' असं त्यात कुठेही नाही. ते मिसरातल्या इस्राएलाला दिलेलं अभिवचन आहे. आपण त्यातून देवाचा स्वभाव धरतो, आणि येशूनं नासरेथच्या सभास्थानात यशया 61 वाचून 'हा शास्त्रलेख आज पूर्ण झाला' म्हटलं (लूक 4:18-21) ते धरतो. दडपलेल्यांना मोकळं करणं हे त्याचं काम आहे. ते कधी आणि कोणत्या वाटेनं, हे तारखेसकट त्यानं तुम्हाला लिहून दिलेलं नाही.

कर्जाचं काम वेगळ्या वहीत ठेवा. सोसायटीच्या गटसचिवाकडून खातेउतारा मागा. मुद्दल किती, व्याज किती, थकल्याची तारीख कोणती. गावाची पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) 50 पैशांच्या आत जाहीर झाली असेल तर पीककर्जाच्या पुनर्गठनाबद्दल (फेडीची मुदत वाढवून मिळण्याबद्दल) स्पष्ट विचारा. सावकाराकडे परवाना आहे का हे तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था, या कार्यालयात कळतं. परवाना नसताना सावकारी करणं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे गुन्हा आहे. त्याच कार्यालयात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी अर्ज करता येतो. किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणापुढे घेतली, किती फेडली, कोरे चेक किंवा सही केलेले स्टॅम्प पेपर दिले का, शेताचं खरेदीखत करून घेतलं का, हे सगळं अर्जात लिहा आणि पोच घ्या. तारण म्हणून 'नावापुरतं' खरेदीखत करून देणं ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. नव्यानं मागत असेल तर सही करू नका.

हे सगळं अविश्वासाचं काम वाटत असेल तर नहेम्याचा पाचवा अध्याय वाचा. दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली होती, राजाचा कर भरायला कर्ज काढलं होतं, मुलीबाळी दास झाल्या होत्या. नहेम्यानं सभा बोलावली, सावकारी करणाऱ्यांना तोंडावर बोलला, शेतं आणि घेतलेला शतांश परत करायला लावला, आणि याजकांना बोलावून त्यांच्याकडून शपथ घेतली. प्रार्थना करणाराच माणूस होता तो.

प्रश्न : आमच्या पाड्यातली बारा कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातला ऊस तोडायला जातात. मुकादमाची उचल फिटतच नाही, दर वर्षी वाढूनच येते. गेल्या साली एकाला आजारपणातही येऊ दिलं नाही. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) शिकवतात की ख्रिस्तानं दिलेली मुक्ती आत्म्याची आहे, बाकीचं सोसावं. हे बरोबर आहे का?
— एक बंधू, शहादा तालुका

उत्तर : दादा, अर्धं बरोबर आहे. पापाच्या दास्यातून सुटका ही ख्रिस्तानं दिलेली मूळ सुटका आहे, आणि ती मुकादमाच्या हातात नाही. ती उसाच्या फडात कोयता हातात असतानाही तुमची आहे. पण 'बाकीचं सोसावं' हे निर्गमाच्या पुस्तकाशी जुळत नाही. तिथे मुकादम हा शब्द आहेच, मार आहे, गिनती आहे. देवानं त्या लोकांना आत्मिक समाधान देऊन विटांच्या कामावर परत पाठवलं नाही. पुढे नियमशास्त्रातही सांगितलं की सातव्या वर्षी दासाला मोकळं करा, आणि पाठवताना रिकाम्या हातानं पाठवू नका, कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं भरपूर द्या (अनुवाद 15:12-14).

आपल्या देशाचा कायदाही याच बाजूचा आहे. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976. उचलीपोटी माणसाला काम सोडून जाता येत नसेल, दुसरीकडे काम करता येत नसेल, तर ती वेठबिगारी ठरू शकते. तसं ठरलं की त्या उचलीची फेड करण्याची जबाबदारीच संपते, आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, मजुरावर नाही. हे पाड्यावर कुणाला माहीत नसतं, म्हणून 'आधी पैसे टाका मग जा' एवढ्या एका वाक्यावर लोक अडकून पडतात.

करायचं काय? निघण्याआधी, पाड्यावरच, प्रत्येक जोडप्यानं एक छोटी वही करावी. उचल किती आणि कोणत्या तारखेला, मुकादमाचं पूर्ण नाव, कारखाना, टनाला ठरलेला दर. फडावर गेल्यावर रोजचा माल किती टन गेला ते त्याच दिवशी लिहायचं. खावटी म्हणून मिळालेलं धान्य आणि पैसेही लिहायचे, कारण हंगामाच्या शेवटी उचल फुगते ती इथेच. हिशेबाच्या वेळी कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. शाळेत जाणारा एखादा मुलगा सगळ्यांच्या वह्या लिहू शकेल. मंडळीनं हे काम अंगावर घ्यावं अशी आमची कळकळीची विनंती आहे.

कुणाला अडवून ठेवलंच तर ज्या जिल्ह्यात काम चालू आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज, आणि त्याची प्रत आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. या कायद्याखाली सुटका करण्याचा अधिकार त्यांचा आहे, आणि जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समिती असते. सुटका झाली की मुक्तता प्रमाणपत्र मागून घ्या. ते हातात नसेल तर पुनर्वसनाची मदत अडते आणि मुकादम पुन्हा दारात येतो. अर्ज लिहायला वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन 15100. रात्री लेकरं मागे ठेवून एकट्यानं पळून येऊ नका. मागे राहिलेल्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

आणि एक. इस्राएल लोकांना समुद्रापलीकडे गेल्यावर मिसरातले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवले (गणना 11:5). सुटलेल्या माणसाला पहिले काही महिने खरोखर कठीण जातात. उचल घेतली की दिवाळीला घरात रोख येत होती, ती आता येणार नाही. तेवढ्या काळात मंडळीनं धान्य आणि रोजगार हमीचं काम मिळवून दिलं नाही, तर पुढच्या दिवाळीला तोच माणूस त्याच मुकादमाकडे जाईल, आणि मग त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

प्रश्न : माझा विश्वास कमी पडतो म्हणून सुटका होत नाही, असं एका प्रचारकानं तोंडावर सांगितलं. तेव्हापासून चर्चला जायचीही भीती वाटते.
— एक तरुण, चोपडा

उत्तर : त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून नाही. प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय घ्या. पेत्र तुरुंगात, चार-चार शिपायांच्या चार तुकड्या पहाऱ्यावर. मंडळी एकाग्र होऊन प्रार्थना करते आहे. पेत्र सुटून दाराशी येतो, रुदा नावाची मुलगी आनंदानं दार न उघडताच आत धावते आणि सांगते, तर प्रार्थना करणारेच म्हणतात, 'तुला वेड लागलंय.' ज्यासाठी ते गुडघ्यांवर होते तेच त्यांना खरं वाटत नव्हतं. तरी पेत्र सुटला.

त्याच अध्यायाच्या सुरुवातीला योहानाचा भाऊ याकोब तलवारीनं मारला गेला. त्याचा विश्वास पेत्रापेक्षा कमी होता असं तिथे म्हटलेलं नाही. बाप्तिस्मा करणारा योहानही तुरुंगातून विचारतो, 'जो येणार होता तो तूच का?' येशू निरोप धाडतो: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, दीनांना सुवार्ता सांगितली जाते (लूक 7:22). येशूनं नासरेथला वाचलेल्या यशयाच्या यादीत बंदिवानांच्या सुटकेचंही बोलणं आहे, पण योहानाला पाठवलेल्या निरोपात ते नाही. योहान सुटला नाही. तरी त्याला 'अल्पविश्वासी' न म्हणता, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत याच्याहून मोठा कोणी नाही, असं येशूनं लोकांना सांगितलं, आणि तेही योहानाच्या शंकेचा निरोप आल्यानंतर लगेच.

'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक' ही मार्क 9:24 मधल्या बापाची प्रार्थना पुरेशी ठरली, मुलगा बरा झाला. तीच करा. चर्चला जा, मागच्या बाकावर बसा.

प्रश्न : तीन महिन्यांपासून पहाटे तीनला जाग येते. प्रार्थनेला शब्द येत नाहीत. गाणी गायली जात नाहीत. स्वयंपाकही नको वाटतो. मी देवापासून दूर गेले आहे का?
— एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : ताई, आधी 1 राजे 19 वाचा. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा तेच: ऊठ, खा, वाट लांब आहे. बोलणं झालं ते चाळीस दिवसांनी, होरेबावर. आधी भाकर, आधी झोप, हा क्रम देवानं ठरवलेला आहे.

पहाटे लवकर जाग येणं, कशातच गोडी न वाटणं, अन्नावरची वासना जाणं, हे दोन आठवड्यांहून जास्त रोज चालू असेल तर ते नैराश्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं. तुम्हाला तीन महिने झाले आहेत. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. 14416 ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच, पत्र खाली ठेवून, तो फोन करा आणि घरातल्या एकाला सांगा. गोळ्या सुरू झाल्या तर गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी 'उपयोग नाही' म्हणून बंद करणं ही नेहमी होणारी चूक आहे. बरं वाटल्यावर स्वतःहून बंद करणं ही दुसरी. गोळी घेणं म्हणजे देवावरचा भरवसा सोडणं नव्हे, देवदूतानं ठेवलेली भाकर खाणं आहे ते.

शब्द येत नसतील तर उसने घ्या. स्तोत्र 13 सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' येतं. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे: माझे डोळे प्रकाशित कर. मग पाचव्यात 'मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे.' कागदावर असंच लिहा: चार ओळी 'कोठवर'च्या, एक मागणीची, एक भरवशाची. भरवशाची ओळ निघाली नाही तर ती जागा मोकळी सोडा. तसंही चालतं. स्तोत्र 88 मध्ये ती ओळ नाहीच. ते अंधारावरच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, उपासनेत गायलं गेलं आहे. पहाटे तीनला उठून लांब प्रार्थना करायचा हट्ट मात्र सोडा. पडून राहा, 'प्रभो, तू जागा आहेस' एवढं म्हणा.

प्रश्न : मालकांनी ईस्टरला दारू सोडली. पुत्रानं मुक्त केलं तर खरोखर मुक्त व्हाल, असं साक्षीत सांगितलं. पोळ्याला पुन्हा प्याले. मग ते वचन खोटं का?
— नवापूर तालुका

उत्तर : योहान 8:36 खोटं नाही. गलतीकरांस 5:1 त्याच्या शेजारी ठेवून वाचा. ख्रिस्तानं मोकळं केलं आहे, म्हणून स्थिर राहा, पुन्हा दास्याच्या जुवाखाली सापडू नका. जुना बैल पाहिलाय ना? जू उचललं की हाकारण्याआधी मान खाली घालून आपणहून आत येतो. खांद्यावर घट्टा असतो, सवय असते. त्याला रोज जुवापासून लांब बांधावं लागतं. मालकांचा पोळा कोणाबरोबर झाला, पैसे कोणी दिले, कोणत्या वाटेनं गेले, हे शांतपणे विचारून लिहून काढा. पुढचा धोक्याचा दिवस कोणता ते त्यातूनच कळेल: बाजाराचा दिवस, लग्न, कापूस विकल्याचा दिवस. त्या दिवशी पैसे तुमच्या हाती आणि मंडळीतला एक माणूस त्यांच्याबरोबर, एवढं आधी ठरवा.

एक इशारा. रोज भरपूर पिणारा माणूस एका दिवसात पूर्ण बंद करतो तेव्हा पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात थरकाप, घाम, ताप, नसलेलं दिसणं असा भ्रम होऊ शकतो. यात जीव जातो. त्याला सैतान लागला समजून खोलीत कोंडून प्रार्थना करत बसू नका, दवाखान्यात भरती करा. तिथे ठरावीक मापानं औषध आणि बी-1 जीवनसत्त्व देतात. प्रार्थना खाटेशेजारी बसून करा.

प्रश्न : सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) रोगानं केळीची कोवळी बाग उपटून टाकावी लागली. घरात कॅलेंडरवर यिर्मया 29:11 आहे, हिताचे संकल्प, अनिष्टाचे नव्हेत. ते वाचून आता राग येतो.
— रावेर

उत्तर : दादा, कॅलेंडरवर दहावं वचन छापत नाहीत. त्यात 70 वर्षं लिहिली आहेत. हे पत्र बाबेलात नेलेल्या बंदिवानांना होतं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका सांगत होता, लोकांना तेच गोड वाटलं असणार, आणि ते खोटं ठरलं. यिर्मयानं लिहिलं: घरं बांधा, मळे लावून फळं खा, लेकरांची लग्नं करा, त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा (29:5-7). हिताचा संकल्प खरा, पण तो पूर्ण होईपर्यंत लागवड चालूच ठेवायची. रोगट खुंट बागेत ठेवू नका, पुढची लागवड खात्रीच्या रोपांची करा, शेजारी काकडी-भोपळ्याचे वेल नकोत, कारण हा विषाणू त्यांच्यावरही राहतो आणि मावा तो केळीवर आणतो. आणि राग आला तर तो देवालाच सांगा. मोशेनं सांगितला होता.

प्रश्न : आजीला वाचता येत नाही, अहिराणीच कळते. ती सारखी 'मना देव मले इसरना' म्हणते. तिला हे सगळं कसं सांगू?
— नातू, धुळे

उत्तर : उपदेश करू नकोस, गोष्ट सांग, आणि अहिराणीतच सांग. चार संध्याकाळी कर. पहिल्या दिवशी विटा आणि धसकटं. तिनं स्वतः शेतात धसकटं वेचली असतील, ती मध्येच बोलेल, बोलू दे. दुसऱ्या दिवशी लोकांनी ऐकलंच नाही ती गोष्ट. तिसऱ्या दिवशी वल्हांडणाची, दाराला रक्त लावलेली रात्र. चौथ्या दिवशी समुद्र: मागे फारोचे रथ, पुढे पाणी, आणि मोशे म्हणतो, भिऊ नका, उभे राहा, परमेश्वर तुमच्यासाठी लढेल (निर्गम 14:13-14).

दुसऱ्या दिवशी मात्र घाई करू नकोस. तिचा हात हातात घे आणि देवाचे ते सात 'मी' तिच्या बोटांवर मोज, अंगठ्यापासून सुरुवात करून. 'मी तुमले बाहेर काढसू', हे पहिलं. एक हात पुरत नाही. दुसऱ्या हाताची दोन बोटं लागतात. त्याच्या पुढच्या दिवसापासून ती स्वतःच मोजायला लागेल, मग एखादं बोट चुकलं तरच तू सांग.